मार्गारेटची सायकल आणि ‘सैनिक’ हा शब्द



या महिन्याचा अभ्यासलेख जरा लांबचा आहे, म्हणजे पार आयर्लंडचा. बैठकीत बचत, हप्ता, व्याज झालं की शेवटची पंधरा-वीस मिनिटं वाचनाला ठेवायची, त्यासाठी हा लेख. एकीनं मोठ्यानं वाचायचा, बाकीच्यांनी ऐकायचा. मध्येच कुणाला काही बोलावंसं वाटलं तर थांबून बोला. परदेशी नावं वाचताना जीभ अडखळली तर हसा आणि पुढे चला.

लेखात बंड आहे, बंदुका आहेत. पण मला सांगायचंय ते एका सायकलीबद्दल, आणि ती चालवणाऱ्या बाईला सरकारनं काय उत्तर दिलं त्याबद्दल.

आधी थोडी जागेची ओळख. आयर्लंड हे इंग्लंडच्या शेजारचं बेट. आपल्यासारखंच तेही इंग्रजांच्या ताब्यात होतं, आपल्यापेक्षा कितीतरी आधीपासून. ‘होमरूल’ हा शब्द तुमच्यातल्या शाळकरी मुलींच्या इतिहासाच्या पुस्तकात असेल. लोकमान्य टिळकांनी १९१६ च्या एप्रिलमध्ये बेळगावला होमरूल लीग काढली. तो शब्द मूळचा आयर्लंडमधला. आणि त्याच एप्रिल महिन्यात, २४ तारखेला, तिथल्या डब्लिन शहरात इंग्रजांविरुद्ध उठाव झाला. ईस्टरच्या सुट्टीचा सोमवार होता, म्हणून त्याला ईस्टर उठाव म्हणतात. बंडवाल्यांनी शहरातलं मोठं पोस्ट ऑफिस ताब्यात घेतलं, बाहेर उभं राहून स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला, आणि शहरात ठिकठिकाणी ठाणी मांडून बसले. शनिवारी त्यांना शरण जावं लागलं. सहा दिवसांचा सगळा खेळ. चारशेहून जास्त माणसं मेली, त्यातली निम्म्याहून अधिक साधी शहरातली माणसं. नंतर पुढाऱ्यांना गोळ्या घालून मारलं.

या उठावात दोनशेहून जास्त बायका होत्या. त्यातली एक मार्गारेट स्किनिडर.

मार्गारेट काही राणी नव्हती की मोठ्या घरची लेक नव्हती. ती स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात शाळेत गणित शिकवायची. घराणं मूळचं आयर्लंडचं. वय विशीतलं. नेमबाजी ती शिकली ती सरकारनं चालू दिलेल्या क्लबात. महायुद्ध चालू होतं आणि वेळ पडली तर बायकांनीही साम्राज्याचं रक्षण करावं म्हणून असे क्लब निघाले होते. तिथे शिकलेला नेम तिनं पुढे कुणावर धरला ते तुम्हाला कळेलच.

तिची पहिली कामगिरी टोपीची. १९१५ च्या नाताळात ती बोटीनं आयर्लंडला निघाली. डोक्यावरच्या टोपीत बॉम्बला लागणारे डिटोनेटर, म्हणजे स्फोट सुरू करणारी छोटी नळकांडी, आणि कोटाखाली अंगाला गुंडाळलेल्या तारा. बाईच्या टोपीत कोण हात घालणार? थंडीचे दिवस, पण ती रात्रभर उघड्यावर डेकवर बसली, कारण खोलीत गरम पाण्याचे पाइप आणि विजेच्या तारा होत्या. उष्णतेनं डिटोनेटर उडतील ही भीती. डब्लिनला पोचल्यावर कळलं की दाबानंही ते उडू शकतात, आणि रात्री ही बाई त्याच टोपीवर डोकं टेकून झोपली होती! हे तिनंच नंतर पुस्तकात लिहून ठेवलंय. मी हे वाचलं तेव्हा हसू आलं आणि अंगावर काटाही आला.

आता सायकल.

उठावाच्या दिवशी बंडवाल्यांची एक मोठी अडचण झाली. शहरातलं टेलिफोनचं मुख्य केंद्र त्यांच्या हाती आलं नाही, ते इंग्रजांकडेच राहिलं. म्हणजे फोन करणार इंग्रज, आणि यांच्याकडे एका ठाण्याचं दुसऱ्या ठाण्याला काही कळायचा मार्ग नाही. पोस्टात बसलेल्या पुढाऱ्यांना बागेतल्या लोकांची खबर नाही, बागेतल्यांना पोस्टाची नाही. मग निरोप न्यायचे कुणी? चालत, सायकलवर, जमेल तसं माणसांनी. आणि हे काम बरंचसं आलं बायकांवर.

मार्गारेट ज्या तुकडीत होती ती सेंट स्टीफन्स ग्रीन नावाच्या बागेत होती. ही कामगारांची सेना. १९१३ साली डब्लिनमध्ये मालकांनी कामगारांना कामावरून काढून कारखान्यांना टाळं लावलं होतं, तेव्हा पोलिसांच्या लाठ्यांपासून स्वतःला वाचवायला कामगारांनी ती उभी केली. तिचा बागेतला प्रमुख मायकल मॅलिन हा रेशीम विणणारा कारागीर. त्याच्या खालोखाल हुद्दा होता काउंटेस मार्कीविच या बाईचा. या सेनेत बाईला हुद्दा मिळायचा. सगळीकडे असं नव्हतं बरं का. दुसऱ्या एका ठाण्याच्या प्रमुखानं बायकांना आत घ्यायलाच नकार दिला होता. तोच माणूस, डी व्हॅलेरा, पुढे देशाचा पंतप्रधान झाला. हे नाव लक्षात ठेवा.

सोमवारी सकाळी मार्गारेटला पहिलं काम मिळालं ते सायकलवरून शहरात फिरून यायचं. कुठल्या छावणीतून शिपाई निघालेत का बघायचं आणि येऊन सांगायचं. नंतर चिठ्ठ्या घेऊन बाग ते पोस्ट, पोस्ट ते बाग. अंतर फार नाही, किलोमीटर-सव्वा किलोमीटर. पण मधल्या रस्त्यांवर गोळ्या चालू. बागेच्या कडेला शेलबर्न नावाचं मोठं हॉटेल आहे, त्यावर इंग्रजांनी मशीनगन आणून ठेवली. बागेत खंदक खणून बसलेली ही मंडळी वरून सरळ दिसायची. मंगळवारी त्यांना बाग सोडून शेजारच्या डॉक्टरांच्या कॉलेजच्या दगडी इमारतीत जावं लागलं. (एक गंमत सांगतात. या गोळीबारातही रोज थोडा वेळ दोन्ही बाजू थांबायच्या, कारण बागेचा माळी तळ्यातल्या बदकांना दाणे टाकायला यायचा.)

पुढच्या एका पुलावर आपली सोळा माणसं अडकणार, त्यांना वेळेत परत बोलावून आणा, असा निरोप घेऊन मार्गारेट गेली. हॉटेलवरच्या मशीनगननं तिच्यावरच नेम धरला. तिच्या सायकलच्या चाकाला लाकडी रिंग होती. गोळ्या त्या लाकडात घुसल्या, टायर गेला, काही गोळ्या स्पोकमध्ये खणखणल्या. ती थांबली नाही, उलट जोरात पायडल मारत कोपऱ्यावरून वळली. पंक्चर सायकल नुसती हातात धरून चालायची म्हटली तरी किती जड लागते, ते शाळेच्या रस्त्यावर मुलीची सायकल ढकलत आणलेल्या बाईला विचारा.

तिची आणखी एक युक्ती मला फार आवडली. इमारतीच्या छपरावरून बंदूक चालवताना ती हिरव्या गणवेशात असायची, पुरुषांसारखी विजार घालून. निरोप न्यायची वेळ आली की गणवेश उतरवून राखाडी झगा आणि टोपी घालायची, बाजूच्या दारानं सायकल बाहेर काढायची. शिपायाच्या नजरेला काय दिसतंय? एक बाई सायकलवरून घरी चाललीय. परत आली की पुन्हा गणवेश, पुन्हा छप्पर. म्हणजे बघा, बाई म्हणजे बिनकामाची, ती काय करणार, हा जो समज, त्याचा तिनं हत्यारासारखा वापर केला. पण तोच समज पुढे तिच्यावर उलटला.

बुधवारी तिनं मॅलिनपुढे एक बेत मांडला. आपल्याकडे आठ सेकंदांनी फुटणारे बॉम्ब आहेत. मी आणि आणखी एकजण सायकलवरून हॉटेलसमोरून जातो, खिडकीतून बॉम्ब टाकतो आणि फुटायच्या आत निघून येतो. मॅलिनला बेत पटला. पण बाईला एवढ्या धोक्यात कसं घालायचं, म्हणून तो तयार होईना. मार्गारेट म्हणाली, आपल्या जाहीरनाम्यात बाई आणि पुरुष समान म्हटलंय ना? मग जीव धोक्यात घालायचा हक्कही समान. खरोखरच त्या जाहीरनाम्याची सुरुवातच ‘आयरिश पुरुषहो आणि आयरिश स्त्रियांनो’ अशी आहे. १९१६ साली! आपल्या गावातल्या कितीतरी जाहीर कार्यक्रमांच्या पत्रिकेत आजही ‘सर्व ग्रामस्थ बंधूंनो’ एवढंच असतं, ‘भगिनी’ राहून जातात. मॅलिन अखेर कबूल झाला. कागदावर शब्द होता म्हणून तिला त्यावर बोट ठेवता आलं. शब्द नसता तर ती कशावर भांडली असती?

हॉटेलवर जायच्या आधी त्यानं तिला दुसरं काम दिलं. हारकोर्ट स्ट्रीटवरच्या काही घरांना आग लावून शिपायांचा मागे जायचा रस्ता तोडायचा. चार पुरुषांची छोटी तुकडी, पुढारी मार्गारेट. दुकानाची काच बंदुकीच्या दस्त्यानं फोडली, त्या आवाजावर समोरून गोळ्या आल्या. सोबतचा सतरा वर्षांचा एक मुलगा जागेवर गेला. मार्गारेटला तीन गोळ्या लागल्या. सोबत्यांनी उचलून परत आणलं. उठाव संपेपर्यंत ती त्या इमारतीतच पडून होती, मग दवाखान्यात. तिथून कशीबशी सुटून स्कॉटलंडला आणि मग अमेरिकेला गेली. तिथे तिनं १९१७ साली पुस्तक छापलं. ते छापलं म्हणून टोपीची आणि सायकलची गोष्ट आज आपल्याला माहीत आहे.

इथपर्यंतची गोष्ट शौर्याची. माझा खरा लेख आता सुरू होतो.

१९२२ साली आयर्लंडच्या बऱ्याच भागात आपलं सरकार आलं. १९२३ साली त्या सरकारनं कायदा केला की लढ्यात जखमी झालेल्यांना पेन्शन मिळेल. मार्गारेटनं १९२५ साली अर्ज केला. तिला गोळ्या लागल्या होत्या ही गोष्ट काही गुप्त नव्हती, तिचे वरिष्ठ आणि सोबती साक्षीला होते. सरकारच्या कायदेपंडितांनी फाइल वाचली आणि मत दिलं की हा कायदा सैनिकांसाठी आहे, आणि सैनिक या शब्दाचा सर्वसाधारण अर्थ पुरुष असाच होतो. अर्ज नामंजूर.

पुन्हा वाचा हवं तर. तुम्ही लढलाच नाहीत, असं तिला कुणी म्हटलं नाही. तुम्हाला लागलंच नाही, असंही कुणी म्हटलं नाही. फक्त ज्या शब्दात पेन्शन होती, त्या शब्दात बाई बसत नव्हती.

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगते. उठावानंतर आयरिश लोकांत आपसात यादवी झाली, त्यात मार्गारेट सरकारविरोधी गटात होती, तुरुंगातही गेली. तेव्हा सरकारचा तिच्यावर राग असणार. पण रागाला कागदावर कारण लागतं, आणि कारण म्हणून ‘तू बाई आहेस’ हे पुरलं, हीच तर गोष्ट आहे.

१९३४ साली नवा कायदा आला. तेव्हा तोच डी व्हॅलेरा सरकारचा प्रमुख होता, ज्यानं बायकांना ठाण्यात घेतलं नव्हतं. या कायद्यात बायकांच्या संघटनेला जागा मिळाली, पण पेन्शनच्या पाच श्रेण्यांतल्या खालच्या दोनच श्रेण्या त्यांच्यासाठी. मार्गारेटला पेन्शन मंजूर झाली १९३८ साली. उठावानंतर बावीस वर्षांनी. तोवर ती डब्लिनमध्ये शाळेत शिकवत होती. पुढे शिक्षकांच्या संघटनेत शिक्षिकांना पुरुषांइतका पगार मिळावा म्हणून ती भांडत राहिली, १९५६ साली त्या संघटनेची अध्यक्ष झाली. १९७१ साली वारली. तिची पेन्शनची फाइल आता सरकारनं सगळ्यांना बघायला खुली केली आहे, नामंजुरीसकट.

एकटी तीच नाही. त्याच उठावात एलिझाबेथ ओ’फॅरेल नावाची सुईण होती. शरणागतीचा निरोप घेऊन, हातात छोटं पांढरं निशाण धरून, गोळीबार चाललेल्या रस्त्यावर ती एकटी गेली. इंग्रज अधिकाऱ्यांनी झडती घेतली तेव्हा तिच्याकडे दोन कात्र्या, गोळ्या-चॉकलेटसारखा खाऊ आणि पाव निघाला. पुढारी शरण आला त्या क्षणाचा फोटो आहे. त्यात ती त्याच्या पलीकडे उभी आहे, म्हणून दिसतात फक्त तिचे बूट आणि झग्याची कड. पुढे काही ठिकाणी तो फोटो छापताना तेवढे बूटही पुसून टाकले.

आता आपल्याकडे वळू या, कारण हे वाचताना मला सारखा एकच शब्द आठवत होता: ‘मदत’.

गटाची माहिती भरताना मी विचारते, ताई, काय काम करता? उत्तर येतं, “काही नाही, घरीच असते, शेतात मदत करते.” मग पुढे विचारलं की कळतं, बी टोकणं हिचं, खुरपणी हिची, वेचणी हिची, जनावरांचं सगळं हिचं, दुधाचा हिशेब हिचा. आणि शेतकरी कोण? तर मालक. आपल्या सीआरपी ताया वाडी-वस्तीवर निरोप पोचवतात, बँकेत बायकांसोबत जातात, रात्री फोन घेतात. लोक म्हणतात, गटाच्या कामात मदत करतात. मार्गारेटनं सोळा माणसं वाचवायला सायकल हाणली, तिलाही कागदावर ‘मदत’च म्हणता आलं असतं.

‘सैनिक’ या शब्दाचं तिथे जे झालं, ते आपल्याकडे ‘शेतकरी’ या शब्दाचं होतं. पीएम किसानचे पैसे, शेतकरी ओळख क्रमांक, पीक कर्ज, हे सगळं कुठून सुरू होतं? सातबारावरच्या नावापासून. तिथे नाव नसेल तर तुम्ही वीस वर्षं खुरपलेलं रान तलाठ्याच्या वहीत तुमचं नाही. नवरा जिवंत आणि चांगला असेपर्यंत हे टोचत नाही. टोचतं ते नंतर.

म्हणून थोडी कामाची माहिती देते, नीट ऐका.

नवऱ्याच्या नावावरच्या जमिनीत त्याच्या अर्जावरून बायकोचं नाव सहधारक म्हणून लावता येतं. आपल्या राज्यात याला ‘लक्ष्मी मुक्ती’ म्हणतात, तलाठ्याला हेच नाव सांगा. त्यासाठी नवऱ्याची तयारी लागते, तेव्हा घरात बोलणं आलंच. ते भांडण करून नाही तर हिशेब मांडून करावं असं माझं मत आहे, वर्षभरात शेतात किती दिवस कुणाचे गेले ते लिहून.

जी बहीण विधवा आहे, तिचा नवऱ्याच्या हिश्शात वारस म्हणून हक्क आहेच, मुलांच्या बरोबरीनं. पण वारसनोंद करून फेरफार झाला का आणि त्यात तिचं नाव आहे का, हे बघितल्याशिवाय समाधान मानू नका. “सगळं झालंय, तू नको काळजी करूस” असं दिरानं सांगितलं तरी उतारा स्वतः वाचा किंवा मुलीकडून वाचून घ्या.

उताऱ्यात नाव आहे म्हटलं की आपण खूश होतो, पण ते कुठल्या रकान्यात आहे ते बघा. भोगवटादारांच्या यादीत नाव असणं वेगळं आणि ‘इतर अधिकार’ या रकान्यात असणं वेगळं. पुसलेले बूट आणि अर्धवट दिसणारे बूट यात जो फरक, तेवढाच काय तो दुसऱ्या प्रकारात मिळतो.

घराची नोंद ग्रामपंचायतीत आठ नंबरला असते. तिथे पती-पत्नी दोघांची नावं लागू शकतात. घरकुल मिळालेल्यांनी हे आधी बघावं.

एक गोष्ट गटाच्या वहीबद्दल. इतिवृत्तात आपण लिहितो, ‘सर्वानुमते ठरले, दारूबंदीसाठी निवेदन दिले.’ कुणी दिलं? कोण गेलं तहसीलला, किती तारखेला, पोच घेतली का? मार्गारेटच्या फाइलमध्ये तिच्या बाजूनं जे काही उभं राहिलं, ते कुठल्या दिवशी, कुठे, कुणाच्या हुकमावरून, सोबत कोण, या तपशिलांमुळे. ‘सर्वानुमते’ हा शब्द छान आहे, पण साक्ष देत नाही. सचिव तायांनो, पुढच्या बैठकीपासून नावं आणि तारखा लिहा. लिहायला दोन ओळी जास्त लागतील, लागू देत.

सायकलचं एक राहिलं. तामिळनाडूत पुदुक्कोट्टई नावाचा जिल्हा आहे. १९९० नंतरच्या काही वर्षांत तिथल्या साक्षरता मोहिमेत खेड्यातल्या हजारो बायकांना अक्षरांसोबत सायकल शिकवली. अंगणवाडी ताया, खाणीत काम करणाऱ्या बायका, शेतमजूर बायका सायकली हाणायला लागल्या. सुरुवातीला लोक हसले. मग पाणी, बाजार, बैठक, सगळीकडे त्या स्वतःच्या वेळेनं जायला लागल्या. आपल्याकडे मानव विकासमधून मुलींना मिळालेल्या सायकली दहावी-बारावी झाली की गोठ्यात टांगलेल्या दिसतात. कुणाच्या घरी असेल तर काढा, हवा भरा. चाळिशीला सायकल येत नाही असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय?

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरातला सातबारा, आठ अ आणि घराचा आठ नंबरचा उतारा आणायचा आहे. जुना असला तरी चालेल. ज्यांच्याकडे नाही त्यांनी गट नंबर लिहून आणा, मोबाईलवर काढून बघू. प्रत्येकीनं स्वतःचं नाव कुठे आहे ते बोट ठेवून दाखवायचं, आणि किती जणींचं सापडलं, किती जणींचं नाही, तो आकडा नावासकट इतिवृत्तात लिहायचा. मी येतेच आहे. अक्षरं बारीक असतात, तेव्हा ज्यांना लागतो त्यांनी चष्मा विसरू नका.